कोपराचा सूड

कोपर! नुसतं कोपर! अहो, आख्ख्या माणसातलं कोपर तेवढं ठेवलं, बाकीचा माणूस कापून टाकला, आणि वर मलाच विचारतात, "काय, छान झाली ना पुस्तिका?" छान? तुम्हाला सांगतो, आमच्या संग्रहालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं, आता फोटो काढणार कोण, तर मी, कारण तिथला फोटोग्राफर मीच, फुटकी मडकी आणि नाक नसलेल्या मूर्ती यांचे फोटो काढण्यात निम्मं आयुष्य गेलं माझं... तर कॅमेरा स्टँडवर चढवला, टायमर लावला, आणि धावलो! आता मला सांगा, धावत आलेला माणूस उभा कुठे राहणार? कडेला! मधोमध साहेब, आजूबाजूला पाहुणे, आणि पार टोकाला तिकीटवाल्या बाईंच्या शेजारी धापा टाकत, कमरेवर हात ठेवून, मी. जरासा हललो होतो, नाही असं नाही, पण फोटो झकास! आणि पुस्तिका छापून आली तर मी गायब! साहेबांनी कड कापली. बाईंच्या कमरेजवळ माझं कोपर तेवढं शिल्लक. लोक हळूच विचारायला लागले, बाईंना तीन हात आहेत का हो?

मेव्हणा घरी आला होता. "भाऊजी, तुम्ही कुठे आहात यात?" मी बोट ठेवलं. "हा काय, हा मी." "हे तर कोपर आहे!" "अरे, पण माझंच आहे ना!" आमची ही उठून आतल्या खोलीत गेली. हसायला. ऐकू येत होतं मला.

तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही म्हणाल, मग साहेबांना जाऊन विचारायचं सरळ. मी का विचारू? त्यांना कळायला नको? म्हटलं, उट्टं काढीन तर नावाचा! पण या माणसाचं उट्टं काढायचं कसं? चेहरा कायम हसरा, शिवी दिली तरी आभार मानेल. मी आपला पुस्तिका खिशात घालून हिंडत होतो. कुणी विसरायला नको... म्हणजे मीच.

आणि एक दिवस स्वतःच्या पायाने चालत आले की हो! "असं बघा," साहेबांचं प्रत्येक वाक्य असं बघापासून सुरू होतं, काय बघायचं ते कधीच कळत नाही, "असं बघा, आपलं ते तांबड्या खडूतलं चित्र आहे ना, त्याचा फोटो करा." म्हटलं, "साहेब, आहे की, मीच काढलाय." "तसा नव्हे हो! त्यातला माणूस खराखुरा दिसला पाहिजे. कातडी, केस, डोळ्यांतलं पाणी. हल्ली कॉम्प्युटर करून देतो म्हणे. भिंतभर लावू!"

ते चित्र तुम्हाला सांगायलाच हवं. कुणी एक थोर चित्रकार होऊन गेला तीनशे वर्षांपूर्वी. त्याला घरमालकाने ऐन थंडीत सामानासकट रस्त्यावर काढलं. तर या पठ्ठ्याने रस्त्यावर बसून, आठवून आठवून त्या घरमालकाचं तोंड काढलं, आणि खाली नाव घातलं, 'कपटी घरमालक'. टेबलावर कोपर टेकलंय, मान तिरकी, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय. आणि विचार करा, चित्रकार गेला, घर गेलं, रस्तासुद्धा राहिला नसेल, पण घरमालकाची बदनामी अजून चालू! याला म्हणतात सूड! आम्ही काय, नुसते दातओठ खाणार.

आणि तिथेच माझ्या डोक्यात आलं. घरमालक खरा कसा दिसायचा, कुणाला ठाऊक? नाहीच ना? मग साहेबांसारखा दिसला तर कोण अडवणार? भिंतीएवढे साहेब, आणि खाली पाटी, 'कपटी घरमालक'! अहो, मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

लागलो कामाला. त्या प्रोग्रॅमला चित्र द्यायचं आणि जोडीला खऱ्या चेहऱ्यांचे फोटो द्यायचे, मग तो रेषांवर मांस चढवतो. साहेबांच्या फोटोंना काय तोटा! पण सगळे समोरून, सगळे हसरे! आणि घरमालक बसलाय तिरका. आता तसा बसलेला, खिडकीच्या उजेडातला खरा माणूस आणायचा कुठून? मग काय, मीच बसलो जेवणाच्या टेबलाशी, कोपर टेकून, आणि हिला कॅमेरा दिला. म्हटलं, "चेहऱ्यावर राग दिसला पाहिजे हं." ही म्हणाली, "दिसतोय. पुस्तिका आल्यापासून दिसतोय. हलू नका."

मग साहेबांची भुवई बसवली. साहेबांचा खालचा ओठ बसवला. गालावरची चामखीळ तर मी स्वतःच्या हाताने, अगदी प्रेमाने बसवली. आणि साहेब उतरले! हुबेहूब! रोज बघायचो आणि म्हणायचो, सापडलात. माझं नुसतं कोपर काय? आता बघा!

उद्घाटनाला दालन गच्च. ही पण आली होती. पडदा सरला. मी साहेबांच्या तोंडाकडे बघतोय, आता उतरेल, आता उतरेल... आणि तिकीटवाल्या बाई ओरडल्या, "अय्या! हे तर आपले फोटोवाले!"

हशा! मी म्हणतोय, "अहो, नीट बघा! भुवई बघा!" "तुमचीच की." "ओठ?" "तुमचाच, फुगून बसलात की असाच लोंबतो." "आणि ती चामखीळ?" "हो, ती कधी आली हो? डॉक्टरांना दाखवा बाई." तेवढ्यात ही चारचौघांत म्हणते, "अगं बाई, किती छान आलात हो तुम्ही!"

मी मान वर करून बघितलं. आणि खरं सांगतो, साहेब कुठेच नव्हते. होती ती चामखीळ तेवढी. बाकी भिंतभर मी. तिरका, जळका, कुणाचं तरी वाईट व्हायची वाट बघत बसलेला. इतके दिवस मी त्यात साहेबांना बघत होतो हो! लाज वाटली मला. आणि साहेब माइकवर सुरू, "असं बघा, ही नजर बघा! माणूस किती दात धरून बसू शकतो!" सगळ्यांनी नजर बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

मग मात्र राहवेना. कार्यक्रम संपताच गाठलं. "साहेब, कोपर!" "कसलं कोपर?" खिशातून पुस्तिका काढली, पान उघडलं, बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा पुसून बघितलं. "अरेच्चा! हे तुम्ही? अहो, फोटो काढणारा फोटोत कसा असेल? मला वाटलं कुणीतरी पळत पळत मधे घुसलाय, म्हणून कापला!" झालं! म्हणजे या माणसाने माझं काही वाकडं केलेलंच नव्हतं. भांडण माझ्या एकट्याचंच चाललं होतं.

वर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "असं बघा, भरपाई करू. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हाच फोटो! फक्त ते टेबल आणि कोपर तेवढं उडवा, पानात बसत नाही."

कापलं. काय करता? स्वतःच्या हाताने कापलं. खाली छापलंय, 'कपटी घरमालक'. आमच्या हिने दोन्ही पुस्तिका कपाटात शेजारी शेजारी उभ्या केल्यात, कुणी आलं की कौतुकाने काढते आणि दाखवते, "हे बघा, यात ह्यांचं कोपर आहे... आणि यात बाकीचे हे."