साडेचार इंचांचा चिरा

आम्ही मूळचे धारगळचे. बाप गवंडी, आजा गवंडी, आमच्याकडे पेद्रेर म्हणतात, आणि मी गुणाजी पेद्रेर, पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुणालाही विचारा. बापाने पहिलं वर्षभर मला थापी धरू दिली नाही. काय दिलं, तर हातोडी. खाणीवरून जांभ्या दगडाचे चिरे आले की एकेक चिरा ठोकायचा आणि कान द्यायचा, खणखण वाजला तर भिंतीत, भद्द वाजला तर कुंपणाला. मी कंटाळायचो, म्हणायचो हे काय काम झालं, तर बाप म्हणायचा, अरे आधी ऐकूक शिक, मगे बांध. पण बाप शेजारी उभा असायचा, हे लक्षात ठेवा तुम्ही, कानाखाली द्यायला का होईना, शेजारी असायचा.

तर माझी दीक्षा, एकुलती एक, आर्किटेक्टचं शिकते. कॉलेजवाल्यांनी सांगितलं, सहा महिने कुठल्यातरी ऑफिसात राहून काम शिकायचं, इंटर्नशिप म्हणतात ती. मी पणजीच्या ज्या आर्किटेक्टची घरं बांधतो, आम्ही त्याला पात्रांव म्हणतो, मालक हो, त्याला हात जोडून सांगितलं, माझ्या चेडवाला शिकवा. तो म्हणाला, आपलंच पोर, काळजी सोडा. मी सोडली. तिथेच चुकलो.

हरमलला त्याच पात्रांवाचं एक घर चाललेलं. आतल्या खोल्यांचं ड्रॉइंग आलं, मी कागद उलगडला आणि काय सांगू तुम्हाला, डोकंच फिरलं. आतल्या भिंती साडेचार इंचांच्या आणि बाजूला लिहिलेलं, चिऱ्याच्या. अहो, चिरा नऊ इंच रुंद, तो उभा चिरून साडेचारचा करायला गेलात तर हातात भुगा येतो. आणि नऊ इंचांनी बांधायचं तर न्हाणीत बादली ठेवल्यावर माणूस बाहेर. मी सगळ्या कामगारांसमोर ओरडलो, ह्या खंयच्या गाढवान काढलां रे? सुपरवायझरने कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. काढणाऱ्याचं नाव तिथे लिहितात. माझ्या लेकीचं नाव.

घरी आलो तर ती जेवलेली नाही. सुपरवायझरने ऑफिसात कळवलं होतं, पात्रांवाने सगळ्यांसमोर तिला झाडलेलं, वर म्हणाला, असल्या कामाचं सर्टिफिकेट मी देणार नाही. सर्टिफिकेट नाही म्हणजे वर्ष गेलं. ती म्हणाली, बाबा, मी सोडतंय. पाच महिने झाले, कुठल्यातरी शहरातल्या विटांच्या, साडेचार इंची भिंतींच्या घराचा जुना नकाशा पुढ्यात टाकतात, ह्यावरून उतरव म्हणतात, नाहीतर गिऱ्हाइकाला दाखवायची रंगीत चित्रं कर, चहा सांग. तीनदा म्हटलं साइटवर न्या, तर तुझं काम इथेच. आणि हा नकाशा कुणी तपासलासुद्धा नाही, थेट तुमच्याकडे पाठवला.

मी म्हटलं, पण बाये, तू पेद्रेराचा चेडू, चिरो केवढो आसता ह्या तुका म्हायत नाय? तर माझ्याकडे बघून म्हणाली, कसा म्हायत आसतला? सातवीत आसताना माका कामार घेऊन चला म्हणान तुमच्या पाठी लागललंय, तेव्हा तुमी काय म्हणालात? ती काय चेडवांची जागा?

मी म्हणालो होतो. असंच म्हणालो होतो. त्या रात्री मला पात्रांवाचा राग जास्त की माझा, सांगता येत नाही.

सकाळी स्कूटरवर पायाशी एक चिरा घातला आणि पणजीचं ऑफिस गाठलं. आत थंडगार, पाच-सहा पोरं कॉम्प्युटरला चिकटलेली. पात्रांवाच्या गुळगुळीत टेबलावर चिरा ठेवला आणि म्हटलं, न मोजता ह्याची रुंदी सांगा. तो त्याच्या ऑफिसातल्या इंजिनिअरकडे बघतो, इंजिनिअर पोरांकडे. मी म्हटलं, तिचं चुकलं, कबूल. पण ती चुकत होती तेव्हा तिच्या शेजारी कोण उभा होता? शिकवायचं नव्हतं तर घेतलीत कशाला? मी घरात शिकवलं नाही ते माझं पाप, पण मी सर्टिफिकेट वाटत बसलेलो नाही! बसा म्हणाले, मी बसलो नाही.

शेवटी नरमला. उरलेला महिना रोज अर्धा दिवस साइटवर, सगळीच पोरं आळीपाळीने, आणि नकाशा तीच दुरुस्त करणार. सर्टिफिकेटचं विचारलं तर म्हणतो, बघूया. महिना संपत आला, अजून बघूयाच चाललंय. हे बघूया माझ्या डोक्यात जातं हो!

नकाशा तिने स्वतः साइटवर मोजून परत काढला, न्हाणीचं दार हलवलं, भिंत नऊची केली, आता बरोबर बसतं. आणि चिरे ठोकते, माझ्या बापाच्याच हातोडीने. परवा ठोकत ठोकत पुढे आली आणि मी आदल्या दिवशी लावलेल्या थरापाशी थांबली. म्हणाली, बाबा, ह्यो भद्द वाजता, काढा. कामगार हसायला लागले, मेस्त्रीची चूक काढते म्हणून. मी ठोकून बघितलं. कान म्हातारे झाले माझे, पण तेवढं कळलं.

सर्टिफिकेटावर सही होवो न होवो, देव तिचं बरं करो. मी तो चिरा काढला आणि कुंपणाला टाकला.