रामहरीचं बावीस बोर

न्हाय न्हाय सर, नुसतं हातात तोलून कुठल्या रिव्हॉल्वराचा नेम चांगला ते कळत नसतं — बैल हाय का त्यो, दात मोजून घ्यायला? ठिवा टेबलावर. नळी समोर, मातीच्या बांधाकडं. हां, अशी. परवाना बघितला तुमचा, ठीक हाय, आन रामहरीची चिट्ठीबी वाचली — काय लिवलंय बगा, "महिपतीराव यांस, माझं रिव्हॉल्वर इंदापूरचे ऋषिराज सर घेणार आहेत, त्यांना क्लबच्या कपाटातून काढून चालवून दाखवावे." महिपतीराव! बारा वर्सं दर रविवारी शेळगाववरनं मोटारसायकल ताणत यायचा आन भायेरनंच वरडायचा, "म्हप्या, च्या टाक!" — त्यो आता यांस म्हणतोय मला. बसा की. च्या घ्या. घाई हाय का? घाईत कुणी हत्यार घेतं व्हय!

ही दोन्ही बावीस बोरच, एकाच कारखान्यातली. हे माझं, ते त्येचं. मी सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात गेटवर होतो, हत्यारी रखवालदार, तीस वर्सं. रिटायर झालो, माझी मंडळी यशोदा वारली, मग ह्या नेमबाजी क्लबवाल्यांनी हितं ठिवलं — ही पत्र्याची खोली, त्यो मातीचा बांध आन पलीकडं एमआयडीसी. सकाळी शिफ्टच्या मोटारसायकली जात्यात, सांजच्याला येत्यात, हिकडं कुणी वळून बघत न्हाय. सोमवार ते शनिवार माझ्या तोंडातनं शबुद निघत न्हाय सर, खोटं न्हाय सांगत. परवा दुधवाल्याशी बोलाय ग्येलो तर घसाच बसलेला! रामहरीच्या वस्तीवर तवा चोरी झाल्ती, म्हणून त्येनं परवाना काढला, माझं बघून हेच रिव्हॉल्वर घेतलं, आन पैल्याच दिवशी छाती काढून म्हणला, "माझं तुझ्यापरीस सरळ मारतं." झालं! लागली पैज. पंधरा मीटरवरनं आठ गोळ्या तुझ्या, आठ माझ्या. मोजायला पट्टी न्हाय — मुक्ताबाई, त्येची मंडळी, माझ्यासाठी त्येच्यासंगं डबा द्यायची, त्यातलीच भांडी घ्यायची. आठी भोकं पेल्याखाली झाकली तर सोनं, वाटीखाली झाकली तर बरं, आन ताटली लागली तर गप घरी जायाचं. माझी कायम वाटी. त्येची ताटली.

चला, मारा आता. आधी माझं. दोन्हीला काडतुसं ह्या एकाच डब्यातली, नवी, आत्ता तुमच्यासमोर फोडली — न्हायतर तुलना कसली? एका बैलाला पेंड आन दुसऱ्याला वाळला कडबा घालून शर्यत लावल्यागत व्हायचं. मनगट वाळूच्या पिशवीवर टेका. कानाला ते झाकण लावा, आवाज लै व्हतो. दम अर्धा सोडा, थांबा, मग चाप हळू, हिसका न्हाय... हां. हां. झाक. आठ झाल्या? रिकामं करा, चाक उघडून टेबलावर ठिवा, मग कागद आणू. बगा — वाटी! सांगितलं न्हवतं? आता त्येचं घ्या. न्हाय, पकड तीच ठिवा, जड वाटलं तरी वजन तेवढंच हाय... सात... आठ. थांबा तितंच, मीच आणतो कागद.

हं.

काय न्हाय, चष्मा पुसतोय. व्हय, पेला. झाकतोय पेल्याखाली, आठीच्या आठी. व्हय सर, दिसतंय मला, आंधळा न्हाय मी. त्येचंच सरळ मारतं. माझ्यापरीस सरळ मारतं. घेऊन टाका, डोळं झाकून घ्या, दुसरं काय सांगू?

काय? — त्यो तुमाला असं म्हणला? "रिव्हॉल्वरात खोट न्हाय, माझाच हात ग्येलाय, म्हणून विकतोय" — असं म्हणला त्यो? मग खरंच असंल की. सत्तरीला आलाय गडी. मला काय इचारता, मी काय डाक्टर हाय! डाक्टरकडं ग्येल्ता म्हणं बारामतीला, त्येनं हात पुढं करायला लावला, पाणी भरलेला गिलास धरायला लावला, म्हणला काय न्हाय आजोबा, ठणठणीत हाय. पण डाक्टरचं कोण ऐकतं! रामहरी म्हणला, डाक्टरला काय कळतंय, कागद खोटं बोलत न्हाय.

कागद खोटं बोलत न्हाय. असं बघू नका माझ्याकडं. च्या थंड व्हतोय.

दोन वर्सांमागं, अशाच एका रविवारी, त्येची वाटी झाली. माझीबी वाटी, पण त्येची जरा आतच. अन् हे येडं हसत म्हणतंय, "आता पुढच्या रविवारी पेला. एकदा का तुला हरवलं म्हप्या, का मी मोकळा — मग कोण येतंय एवढ्या लांब!" चेष्टेत म्हणला हो. चेष्टाच करायचा कायम. पण मोटारसायकलचा आवाज ग्येला आन मी हितं, ह्याच बाकावर, बसलो ते उठलोच न्हाय. तुमी सांगा, त्यो आला न्हाय तर कोण येणार हाय हितं? रविवारचे बाकीचे येत्यात, कानाला झाकण लावत्यात, मारत्यात, जात्यात. माझ्यासंगं भांडायला कोण येणार? ... पावसात पत्रा गळून काडतुसांचे दोन डबे भिजल्ते. ह्या बावीस बोराच्या काडतुसाला बुडात ठिणगीची टोपी नसती बगा, पेटायचा मसाला कडेत भरलेला असतो, ओल लागली का कड मरती. पुरतं पेटत न्हाय, अर्धवट उडतं आन गोळी चार बोटं खाली पडती. फेकून द्यायची असत्यात ती. मी न्हाय फेकली. हितला कायदाच हाय, काडतुसं रखवालदारानं मोजून द्यायची, दुसऱ्यानं डब्याला हात लावायचा न्हाय — आन रामहरी तर कवा बघायचाबी न्हाय, माझ्या हातनं घ्यायचा आन भरायचा. आठात तीन भिजकी घालायचो. लै न्हाय, तीनच. ताटली व्हायची. मग त्यो चिडायचा, शिव्या द्यायचा, "पुढच्या रविवारी बघतो तुला" म्हणायचा — आन यायचा हो! यायचा! दोन वर्सं आला!

मला वाटलं त्यो रिव्हॉल्वराला बोल लावंल. लावला बी आधी. मग चष्मा बदलला. मग एक दिवस कागदाकडं लै येळ बघत बसला आन म्हणला, हात कापतोय माझा. मी म्हणायला पायजे होतं तवा. तोंडावर आल्तं. पण सांगितलं न्हाय. पुढच्या रविवारी आलाच न्हाय, मोटारसायकल पोरानं चालवायची म्हणं आता. ज्याला धरून ठिवाय हे केलं, त्योच ग्येला — करणी आपली, दुसरं काय! अन् मुक्ताबाईचा परवा फोन आला. म्हणती, भावजी, नात झालीय, अबोली नाव ठिवलं, सव्वा म्हैन्याची हाय, पण हे तिला घेईनात. पाळण्यापाशी बसत्यात, बोट लावत्यात, पण उचलीत न्हायत. म्हणत्यात, हातातनं सुटली तर?

व्हय सर. माझ्यापायी. ते सांगाय नगं, कळतंय मला.

न्हाय, तुमी न्हाय सांगायचं. तुमचं काय काम त्यात! आन तुमी सांगितलं तर त्येला वाटायचं, सौदा मोडायला काढलेली गोष्ट हाय. सांगितलं का त्यो माझं तोंड बघायचा न्हाय, हे पक्कं. बारा वर्सांचा माणूस जातोय माझा. मग? ग्येलेलाच हाय की! चिट्ठीत राव म्हणतोय.

द्या तुमचा फोन. माझा नंबर बघून उचलायचा न्हाय त्यो. लावा... वाजतोय. कागद तेवढा ऱ्हाऊ द्या हितं, आन तुमी व्हा भायेर. सौद्याचं मागनं बघू. जावा म्हणतो न्हवं!

हालू. वैनी? महिपती बोलतोय. बरं हाय. न्हाय, निरोप न्हाय, त्येलाच द्या... रामहरी, मी हाय. ठिवू नगंस. कुठं बसलाईस? पाळण्यापाशी? पोरीला उचल. अरे उचल म्हणतो ना, कशापायी ते मग सांगतो, आधी उचल. वैनी हायत ना शेजारी... उचललीस? दोन्ही हातानं? कापतोय का हात? ... न्हाय ना? मग आता तिला खाली ठिवू नगंस, आन मी काय सांगतो ते ऐक.