गियराला गंज चढू देणार नाही

...आणि म्हणे भंगारात घाल! शेजारचा कृष्णनाथ हो, स्वतःचा खनिज वाहायचा टिपर विकून मोकळा झाला आणि मला कुंपणावरून सांगतो, "रे सगुण, खाण बंद, टिपर बंद, ह्यो गियर आता कोणाक दाखवतलस?" अरे, मिळतो का हा गियर आता? माझ्या टिपरचा तुटला म्हणून वास्कोपर्यंत सगळी गॅरेजं पालथी घातली तेव्हा एक सापडला, जुन्या मॉडेलचा, शेवटचा. खाण आज ना उद्या सुरू होईल, आणि झाली की हा बसवून आमच्या पाळी गावातून पहिला टिपर माझा निघणार. तोवर पाऊस कोसळू दे नाहीतर आभाळ... मी गंज चढू देणार नाही!

तुम्हाला सांगतो, काय काय केलं नाही? एका पावसाळ्यात जळकं इंजिन ऑइल चोपडून पुरुमेंताच्या खोलीत ठेवला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी असते तिथे. तर आमची कमलाक्षी नाकाला पदर लावून, "अहो, हा वास माझ्या सुक्या बांगड्यांना लागेल!" बांगड्यांना वास लागेल म्हणे! बरं, पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात गुंडाळला. कागदाने ओल अशी प्यायली की चतुर्थीपर्यंत गियरवर तांबडे डाग. रॉकेलने धुतला, घासला, चकचकीत केला. कृष्णनाथ आहेच, "कित्याक मरतस? लोखंडाक गंज, माणसाक म्हातारपण..." म्हातारपण तुला! मी गंज चढू देणार नाही!

यंदा मे महिन्यात मात्र जमलं. गियर उन्हात तापवला. उघड्या हाताने धरायचा नाही हं, घामाचं मीठ लागतं, जिथे बोट तिथे डाग. मेणबत्त्यांची थोटकं खोबरेल तेलात वितळवली आणि पातळ हात फिरवला, दातादातांत. वर प्लास्टिक, मग घट्ट झाकणाचा डबा, तळाला ओल शोषायला कोळसे. सगळं घरातलंच! छाती फुगवून कमलाक्षीला म्हटलं, "आता ह्याला मिठात पुरलंस तरी गंजणार नाही." ती काही बोलली नाही. आमची बायको गप्प असते तेव्हा ऐकत असते, हे मला लग्नाला एवढी वर्षं होऊनही...

मागच्या आठवड्यात खाणीवरून निरोप आला, टिपर घेऊन या. धावत जाऊन डबा उघडला. आत नुसते कोळसे.

"अगो, माझा गियर?"

"भरणीत आहे. खारातल्या आंब्यांवर."

"भरणीत?"

"आंबे दाबायचा माझा दगड तुम्ही टिपरच्या चाकाला लावलात, मग मी काय ठेवू? तुमचा जड आहे, गुळगुळीत आहे, खोबरेल लावलेला आहे. आणि तुम्हीच म्हणालात ना, मिठात पुरला तरी..."

चार महिने हो! झाकण काढलं तर आंबे काळेकुट्ट, आणि गियर... दात मोजता येईनात. रडूच आलं. वर कमलाक्षी म्हणते, आंबे टाकायचे नाहीत, तुमच्या गंजाने बाटलेत, तुम्हीच संपवा.

खाण सुरू झाली. टिपर चाकाला दगड लावून उभा आहे. आणि मी रोज सकाळी पेजेबरोबर थोडा थोडा गियर खातोय.