सूज दिसली म्हणून पेढे

दीक्षाला पोटदुखीच्या तपासणीसाठी एमआरआयला आत न्यायला अजून वेळ होता. तिला दिलेलं बाटलीतलं औषधाचं पाणी ती घोटघोट संपवत होती आणि शेजारी तिचे वडील दादासो मनातल्या मनात घोकत होते, फोटोत काही निघू नये. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं त्यांच्यापुढं पेढ्यांचा पुडा धरला.

"घ्या पावणं. कुरुंदवाडचं हायत."

"कशाचं म्हणायचं, मावशी?"

"सुनंचा एमआरआयचा रिपोर्ट आला की!"

"काय निघालं न्हाय न्हवं? बरं झालं."

"निघालं तर! आतड्याला ही एवढी सूज हाय."

"आणि पेढं वाटताय?"

"मग काय करू? इतकी वर्सं पोरगी पोट धरून बसतीया. दुर्बीण घातली, सोनोग्राफी झाली, समदं नॉर्मल. भावकी म्हणायची, बाळाबाई, तुझी सून नाटकी हाय. मी म्हणायचो, दुखतंय तिला. पर दावू काय? आज डॉक्टरनी पडद्यावर बोट ठेवून दावलं, दुर्बीण पोचत न्हाय तितं सूज हाय म्हणून. आता औषध कशावर द्यायचं ते कळलं. त्या मशिनीला हात जोडून आलो बघा."

"सून कुठं हाय?"

"बाहेर रडत बसलीया. रडू दे. आज बरं वाटून रडतीया."

"दीक्षा कोण? चला आत," नर्सनं दारातून हाक मारली.

दीक्षा उठली आणि दारापाशी थांबली.

"बाबा, माझ्यात सूज निघाली तर?"

दादासोंनी हातातला पेढा रुमालात बांधला.

"निघू दे की. तुझा पेढा ठेवलाय."