दोन नंबरच्या ओळीत सापडलेला टूथब्रश

जबाब देणारी: घरातली सून, वय ३९, धंदा पॉलीहाऊसमध्ये टोमॅटो पिकवणे, राहणार पॉलीहाऊसला लागूनच्या घरात.

कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील घरात मी, माझे यजमान व सासरे राहतो. सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. काल गुरुवारी बाबांनी त्यांचा बॅटरीचा टूथब्रश चोरीला गेल्याची तक्रार इथे दिली व शेजारच्या सलूनवाल्यावर संशय घेतला. तो सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहे. त्याने ब्रश घेतलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमची सगळी फुलं गळाली. झाडं माझ्या डोक्याच्याही वर गेली, पण टोमॅटो एक नाही. म्हणून यंदा उन्हात टिकणारं वाण ठरवायला चार वाणांची बारा-बारा रोपं चार ओळींत लावली. दोन नंबर बाबांच्या पसंतीचं, कारण पाकिटावरचा फोटो छान. चार नंबर माझ्या पसंतीचं. फळ लहान, पण कडक उन्हातही धरतं असं नर्सरीवाला म्हणाला. पाणी-खत सगळ्यांना सारखं, फुलांना कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. उद्या नर्सरीला सहाशे रोपांचं वाण कळवायचं आहे. चुकलं तर हाही उन्हाळा गेला.

फुलं लागली तेव्हा फेब्रुवारीतच आत पारा चाळीसवर होता. चार नंबरला फळं धरली. बाकी तिन्हींची फुलं देठासकट गळू लागली. त्या दिवशी बाबा जेवता जेवता उठून दोनदा दोन नंबरची ओळ बघून आले. एरवी ते ताटावरून उठत नाहीत.

पुढे आठ-दहा दिवसांनी दोन नंबरलाही फळं दिसली, पण फक्त कमरेपासून खांद्यापर्यंत. बाबांचे गुडघे वाकत नाहीत व हात खांद्याच्या वर जात नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आज सकाळी पावणेसातला मी झाडं दोरीला बांधत होते. दोन नंबरच्या सातव्या झाडात ब्रश अडकलेला दिसला. त्यावर पिवळी पूड होती. मी तो घेऊन बाबांकडे गेले.

"बाबा, ब्रश सापडला."

"अरे वा! कुठे?"

"दोन नंबरात."

बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "फूल थरथरवलं की पराग पडतो. भुंगा तेच करतो."

"भुंगा मग त्यानेच दात घासत नाही, बाबा."

"मी आधी दात घासायचो. बहुतेक."

मी त्यांच्या मिशीकडे पाहिलं. ती पिवळी होती. ही सरळ लबाडी आहे, असं मी म्हटलं. चोरीची तक्रार का दिलीत, असंही विचारलं. त्यावर बाबा म्हणाले, "ब्रश ओळीत कुठेतरी विसरलो, सापडेना. तो कुठेय म्हणून तुझ्या नवऱ्याने विचारलं. चोरीला गेला, असं तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, चला तक्रार देऊ. मी निरीक्षक माणूस, नको कसं म्हणणार?" सलूनवाल्याचं नाव का घेतलंत, तर म्हणे त्याने एकदा ब्रश छान आहे म्हटलं होतं.

नंतर आम्ही दोघांनी मिळून फळं मोजली. रोज पहाटे घासूनही दोन नंबरला नऊ. चार नंबरला कोणी न शिवता एकशे बेचाळीस. बाबांनी पुन्हा मोजली. तेवढीच भरली. मग ते स्वतःच म्हणाले, "चार नंबर कळव."

बाबा माझ्यासोबत आले आहेत. त्यांनी सलूनवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या काका, आधी ती मिशी द्या इकडे." माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला, तेव्हा बाबांनी मध्येच 'लबाडी' शब्दाला हरकत घेतली व तिथे 'मशागत' लिहा म्हणून हट्ट धरला. साहेब खोडाखोड करू देत नाहीत. तरी तेवढ्या ठिकाणी 'लबाडी ऊर्फ मशागत' असं वाचावं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे.