अकरा प्रकारचे निरोप

(रुग्णालयाच्या तळघरातली संगणक विभागाची खोली. सकाळचे अकरा.)

मास्तर : ...माणूस बोलायला लागला, त्या दिवशी संस्कृतीचा आरंभ झाला. आणि आज सकाळी सात वाजता, याच इमारतीत, वॉर्डाचा एजंट आणि लाँड्रीचा एजंट हे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलू लागले. मध्ये एकही माणूस नाही! आज चार वाजता समितीपुढे भाषणाची सुरुवात मी अशीच करणार आहे. गांभीर्य कळतंय ना तुला?

टेस्टर : कळतंय. लिफ्ट बंद आहे.

मास्तर : लिफ्टचा इथे काय संबंध?

टेस्टर : दारात चादरी अडकल्यात. त्या बघा, सिस्टर जिन्यानं आल्या. चेहरा बघून घ्या.

सिस्टर : इथे मास्तर कोण?

टेस्टर : हे. मी टेस्टर. मी चुका फक्त काढते, करत नाही.

सिस्टर : मी तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर. माझ्या वॉर्डात खाटा चाळीस आणि सकाळपासून चादरी आल्यात सहाशे चाळीस. एका पेशंटनं भाव विचारला. बाकीच्या वॉर्डांना एकही चादर मिळालेली नाही. तिथल्या सगळ्या येऊन माझ्याशी भांडून गेल्या.

मास्तर : आपण आधी बसा, सिस्टर.

सिस्टर : खुर्चीवर चादर घालून देऊ? भरपूर आहेत.

मास्तर : हे शक्यच नाही. एजंट माझ्या फॉरमॅटमध्ये बोलतात; त्यात प्रत्येक निरोपावर कोणी पाठवला, कोणाला, उत्तर कधीपर्यंत हवं, सगळं लिहिलेलं असतं. शिवाय निरोपाचा प्रकार. असे अकरा प्रकार आहेत!

टेस्टर : नोंद वाचते. सात वाजता, वॉर्डाचा एजंट : विनंती, चाळीस चादरी, पंधरा मिनिटांत उत्तर द्यावे. लाँड्रीच्या एजंटनं चिठ्ठी छापली, माणसांनी गाडा भरून वर पाठवला.

मास्तर : उत्तम!

टेस्टर : आणि लाँड्रीचा एजंट गप्प बसला. उत्तर नाही म्हणून सव्वासातला वॉर्डाची पुन्हा विनंती, चाळीस चादरी. पुन्हा गाडा. पुन्हा गप्प. असं सोळा वेळा.

सिस्टर : लाँड्रीतले मामा काही बोलले नाहीत?

टेस्टर : विचारलं त्यांना. म्हणाले, कॉम्प्युटर मागतोय म्हणजे वर काहीतरी मोठं घडलं असणार.

मास्तर : पण लाँड्रीचा एजंट गप्प का? काम झालं म्हणून कळवायला नको त्यानं?

टेस्टर : कळवायचं होतं बिचाऱ्याला. कुठल्या प्रकारात कळवणार?

मास्तर : अगं, सोपं आहे. विनंती, प्रस्ताव, प्रतिप्रस्ताव, विचारणा, खुलासा, इशारा, हरकत, सबब, मुदतवाढ...

टेस्टर : सावकाश. घाई नाही.

मास्तर : ...सद्भावना, दिलगिरी.

सिस्टर : 'झालं' राहिलं की.

टेस्टर : चौदा महिने, सहा उपसमित्या. एकट्या 'सद्भावने'वर तीन बैठका झाल्या. पण काम झालं असं कळवायची या विभागात कोणावर कधी वेळच आली नाही, सिस्टर. सुचणार कसं?

मास्तर : बारावा प्रकार घाल. आत्ताच्या आत्ता.

टेस्टर : मंजुरी अकराच प्रकारांना आहे. बाराव्यासाठी सातवी उपसमिती नेमावी लागेल.

सिस्टर : मग सावकाश नेमा. एवढी कसली घाई?

टेस्टर : चारला फॉरमॅट पास झाला नाही तर विभाग बंद. मी कुठेही जाईन, चुका सगळीकडे असतात. मास्तरांना मात्र प्रिंटर दुरुस्तीत टाकणार. तिथला प्रमुख यांचाच विद्यार्थी. यांनी त्याला दोनदा नापास केलंय.

मास्तर : एकदा. दुसऱ्या वेळी तो परीक्षेला आलाच नव्हता. निवृत्तीला पाच महिने राहिलेत हो, सिस्टर. काल जिन्यात भेटला, तर म्हणाला, "काका, शाईचे डाग जात नाहीत, जुने शर्ट आणा."

सिस्टर : अरेरे.

टेस्टर : एक वाट आहे. या अकरांतला कुठला निरोप आला की पुढचं बोलणं मिटतं?

मास्तर : दिलगिरी. समोरच्यानं दिलगिरी व्यक्त केली की पुन्हा मागायचं नाही. मीच आग्रहानं घातलाय तो नियम.

टेस्टर : झालं तर मग. लाँड्रीनं चादरी पाठवायच्या आणि वर दिलगिरी व्यक्त करायची.

मास्तर : काम करून क्षमा मागायची? हा अर्थाचा खून आहे! माझ्या हयातीत असला...

टेस्टर : प्रिंटर.

मास्तर : घाल.

टेस्टर : घातलं. बघा. विनंती, एक चादर. चिठ्ठी छापली. 'आम्ही दिलगीर आहोत.' आणि वॉर्डाचा एजंट... गप्प. एकदम शहाण्यासारखा.

सिस्टर : हे आमच्या मोठ्या डॉक्टरांना बसवता येईल का?

मास्तर : सिस्टर, आता समितीपुढे ठेवायला फक्त आपला अभिप्राय हवा. 'नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा सोयीची आहे.' खाली सही. बस्स.

सिस्टर : आणि जास्तीच्या सहाशे चादरी खाली कोण आणणार?

टेस्टर : आम्ही दोघं. जिन्यानं.

मास्तर : मी? या गुडघ्यांनी?

टेस्टर : मास्तर...

मास्तर : येतो म्हटलं ना!

सिस्टर : आणा तो कागद. पाच महिन्यांसाठी कशाला कोणाला शाईत बुडवायचं. पण ही वरची ओळ कोरी आहे.

मास्तर : ती होय? 'पूर्वी चादरी कशा मागवल्या जात?' औपचारिकता हो. चौदा महिन्यांत तेवढं विचारायचं राहून गेलं. आपण सांगा, मी सुवाच्य लिहितो. फोन करत होता की चिठ्ठी पाठवत होता?

सिस्टर : मागवत नव्हतो. खाटा चाळीस आहेत, रोज सातला चाळीस चादरी यायच्या.