अण्णांनी उपटलेलं कार्ड

मेमरी कार्डाचं नाव काढू नका राव माझ्यापुढं, डोकं फिरतंय. माझ्या बापानं जागरणात म्हटलेली गाणी जुन्या फोनात होती. बाप गेला, मागं तेवढाच आवाज राहिलता. म्या चुलत्याला, आमच्या अण्णांना, नळदुर्गाला धाडलं. म्हणलं, "गाणी नव्या कार्डात भरून घ्या आन जुना फोन दुकानातच देऊन टाका."

कार्ड आणलं, लावलं. पहिल्या गाण्यात बाप दोन ओळी म्हणला आन नुसती खरखर. बाकीची गाणी उघडंचनात.

मी तडक दुकानात गेलो. "माझ्या बापाचा आवाज खाल्लास की रे!"

दुकानदार म्हणला, "दादा, गाणी अजून भरत होती. मी लई थांबा म्हणलो. तुमच्या अण्णांनीच मधी कार्ड उपटलं. तो फोन तर मी आतलं समदं पुसून इकला."

घरी येऊन अण्णांना विचारलं. म्हणले, "जीप भरली होती. ड्रायवर हॉर्न वाजवाय लागलता."

आता बघा, आमच्या अणदूरचा खंडोबा दरसाल नळदुर्गाला जातो. दोन्ही गावांच्या करारावर सह्या झाल्याबिगर मूर्ती जागची हलत न्हाय. आन तवर कुणाला पालखीला हातबी लावू देत न्हायत, ते कोण? हेच अण्णा!

मी वराडलो, "देव हलवताना शेवटच्या सहीपर्यंत थांबता, आन सख्ख्या भावाला अर्ध्यात उपटलात?"

तर मलाच म्हणतात, "देवाला कुठं जीप धरायची असती?"